बँडवाल्यांचा फोटो: रोलवर, रात्री, सांगली-मिरजेत

लग्नाचा कुठलाही अल्बम काढून बघा. वरातीच्या पानांवर नवरदेव असतो, घोडा असतो, घामाघूम मामा असतात आणि अगदी कडेला अर्धं कापलेलं युफोनियम, म्हणजे ते मोठं पितळी भांडं, आणि एक लाल बाही. बाहीवर जरीची पट्टी. बाहीच्या आतला माणूस कापला गेलेला. माझे मामा मिरजेत लग्नाचे फोटो काढायचे, त्यांच्या निगेटिव्हमध्येही हेच. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बँडवाल्याच्या फोटोचे पैसे कोण देणार गं?"

मामांचा पेंटॅक्स के-१००० आता माझ्याकडे आहे. सांगलीच्या खणभागात माझं मेडिकल दुकान आहे, त्यावर घर चालतं, त्यामुळे पैसे कोण देणार हा प्रश्न मला पडत नाही. ब्रास बँड, बेंजो पार्ट्या, हलगी-घुमकं-कैताळ, झालंच तर विश्रामबागेतली गिटारवाली पोरं, जे कुणी हाता-तोंडानं वाजवतं त्यांचे फोटो मी रोलवर काढते आणि प्रिंट त्यांच्या हातात देते. ते कसं करायचं, एवढंच इथं सांगते.

आधी कॅमेरा. जुना मेकॅनिकल कुठलाही चालेल. के-१००० हा १९७६ ते १९९७ एवढी वर्षं बनत होता, त्यामुळे अजून सापडतो. सेल लागतो तो फक्त मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या काट्याला, एलआर-४४, घड्याळजीकडे मिळतो. सेल संपला तरी शटर उडतंच. या कॅमेऱ्यात मीटर बंद करायचं बटण नाही, लेन्सवर टोपण घातलं की मीटर गप्प बसतं. म्हणून टोपण हरवलं की सेल गेलाच समजा. विकत घेताना लेन्समधून मोबाइलची बॅटरी मारून बघा. आपल्याकडच्या पावसात लेन्सला बुरशी लागते, आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. तशी दिसली तर विकणारा कितीही गोड बोलू दे, परत द्या. आणि घरी आणल्यावर कॅमेरा कपाटात कपड्यांत ठेवू नका. मी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. गोळ्यांच्या बाटल्यांत त्या येतातच, ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे मागा.

रोल म्हणजे इलफोर्डचा एचपी-५ प्लस, ब्लॅक अँड व्हाइट, ४०० आयएसओ. हा आकडा जितका मोठा तितकं कमी उजेडात भागतं. मामांच्या कपाटात अजून 'इंदू' रोलच्या रिकाम्या डब्या आहेत. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यातला तो माल. कारखाना बंद पडला, आता सगळं बाहेरून येतं. एक रोल आणि त्याची केमिकल्स धरली तर हजार रुपये मोडतातच. मला परवडतं कारण मी महिन्याला एकच रोल काढते.

रात्रीच्या वरातीला ४०० पुरत नाही. मग कॅमेऱ्यावरची आयएसओची डायल १६०० वर ठेवायची, म्हणजे फिल्मला मुद्दाम दोन स्टॉप उपाशी ठेवायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि धुताना डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या केमिकलमध्ये, जास्त वेळ ठेवून भरपाई करायची. याला पुश करणं म्हणतात. पण ही भरपाई अर्धवटच असते. उजेडातलं सगळं वर येतं, काळोखात जे फिल्मवर उमटलंच नाही ते डेव्हलपरमध्ये तास घालवला तरी येणार नाही. म्हणून डोळ्यांवर, गालावर थोडा तरी उजेड आहे ना, एवढं बघून मगच बटण दाबा. आणि १६०० ठरवलं की अख्खा रोल १६०० लाच. मध्येच ४०० करून परत येता येत नाही, धुताना सगळा रोल एकाच वेळेला धुतला जातो.

रोल भरताना एक गोष्ट शंभरदा सांगितली तरी कमी. लिव्हर ओढली की डाव्या हाताची रिवाइंडची घुंडी फिरली पाहिजे. फिरली नाही तर फिल्म पुढे सरकतच नाहीये. एका अनंत चतुर्दशीला मिरजेच्या मिरवणुकीत मी गर्दीत उभ्या-उभ्या रोल भरला. स्वागत कमानी, कमानीखालून येणारा बँड, ढोलावर बसलेलं पोरगं, एकेक फोटो जीव ओतून काढला. ३६ झाले, ३७ झाले, ३८ झाले. मी मनात म्हटलं, वा, आज रोल उदार झाला. घरी येऊन बघते तर फिल्मची जीभ स्पूलमध्ये अडकलीच नव्हती. अख्खी रात्र मी रिकाम्या डब्यासमोर लिव्हर ओढत होते. मिरजेची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते म्हणून वाचले. सकाळी पुन्हा गेले, तोवर बँडवाल्यांचे डोळे तांबडे झाले होते आणि ओठ सुजले होते. ते फोटो रात्रीच्या फोटोंपेक्षा चांगले निघाले की काय, माहीत नाही. रात्रीचे नाहीतच.

उजेड आणि वीत

नवीन असाल तर रात्रीपासून सुरुवात करू नका. सांगलीत संस्थानच्या गणपतीची मिरवणूक पाचव्या दिवशी दुपारनंतर निघते, ती गाठा. ऊन असेल तर मीटरचीही गरज नाही: ४०० चा रोल, एफ-१६, शटर ५००. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं भोक, आकडा लहान तितकं भोक मोठं; शटर ५०० म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग. सावलीत गेलात की तीन स्टॉप उघडा.

बँडच्या बाबतीत मीटर हमखास फसवतं. पितळेचं भांडं समोर आलं की मीटरला वाटतं केवढा हा उजेड, आणि मग युफोनियम झकास येतं, वाजवणाऱ्याचं तोंड कोळशासारखं. माझा उपाय सोपा आहे. ज्या उजेडात वाजवणारा उभा आहे त्याच उजेडात स्वतःचा तळहात धरायचा, मीटर तळहातावर बघायचं आणि त्यापेक्षा एक स्टॉप जास्त उघडायचं. एकदा बघितलं की मीटरकडे पुन्हा बघायचं नाही. बँड चार पावलं पुढे गेला म्हणून सूर्य हलत नाही.

रात्री, १६०० ला, माझे आकडे असे: बल्बच्या माळांच्या मांडवात एफ-२ आणि शटर १२५. वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्या बायका-पोरांच्या उजेडात एफ-२ आणि ६०. स्टेजवर चांगले लाइट असतील तर २.८ आणि २५० ते ५००. ३० च्या खाली मी हातात धरून जात नाही, कारण वाजवणारा माणूस हलतोच, आणि हलगीवाल्याचा हात तर ६० लाही पुसट येतो. तो येऊ दे. तोंड स्थिर आणि हात पुसट असेल तर फोटोत आवाज आल्यासारखा वाटतो.

फोकसचा हिशेब मी वितीत करते. ५० एमएमची लेन्स एफ-२ ला उघडून तीन मीटरवर लावली की एक वीत पुढे आणि एक वीत मागे एवढंच स्पष्ट येतं. गर्दीत रिंग फिरवत बसलात तर गाणं संपतं. म्हणून फोकस तीन मीटरवर ठेवून द्यायचा आणि स्वतः पुढे-मागे व्हायचं. आता अडचण अशी की बँड तुमच्या अंगावर चालून येत असतो आणि तुम्हाला उलटं चालायचं असतं. सांगलीच्या रस्त्यांवर उलटं चालणं म्हणजे काय ते सांगलीकरांना सांगायला नको. मी भाच्याला बरोबर नेते. तो पाठीमागून माझ्या बॅगेचा पट्टा धरून चालतो, खड्डा आला की एकदा ओढतो, गाय आली की दोनदा. त्याच्या बदल्यात मिरवणूक संपल्यावर भडंग आणि कोल्ड्रिंक, हा ठरलेला दर.

फ्लॅश मी वापरत नाही. समोरचा माणूस श्वास घेण्याच्या बेतात असताना डोळ्यांवर वीज पाडायची, हे मला बरं वाटत नाही. आणि डॉल्बीच्या भिंतीजवळ उभं राहायचंच झालं तर कानात बोळे घाला. दुकानात येणारे कानाचे पेशंट विसर्जनानंतरच्या आठवड्यात किती वाढतात ते मी बघते.

कधी दाबायचं

३६ फोटो आहेत. दोन तासांची वरात. म्हणजे साधारण एका गाण्याला दोन. त्यामुळे आधी ऐकावं लागतं. ज्या बँडबरोबर मी जास्त फिरले त्यांचे मास्तर क्लॅरिनेट वाजवतात. मुखडा दुसऱ्यांदा घेताना ते क्लॅरिनेट खांद्याच्या वर उचलतात आणि डावीकडच्या ट्रंपेटवाल्याकडे बघतात. दर वेळी. हे मला चौथ्या वरातीत कळलं. त्याआधीच्या तिन्ही रोलमध्ये क्लॅरिनेट नुकतंच खाली आलेलं आहे.

ट्रंपेट, युफोनियम वाजवणाऱ्यांचे गाल फुगलेले असताना फोटो काढला तर तो चेष्टेचा होतो. त्यांनाच तो आवडत नाही. ओठावरून भांडं निघतं आणि छाती भरायला लागते, त्या क्षणी दाबा. नाही तर सुट्टीत. नवरदेवाचे मित्र भांडत असतात तेव्हा बँडला पाच मिनिटं मिळतात. कुणी नळीवरची कळ दाबून रस्त्यावर थुंकीचं पाणी काढतो, कुणी टोपी काढून कपाळावरचा लाल वळ चोळतो. टोप्या एकाच मापाच्या शिवलेल्या असतात, डोकी नसतात.

पण सगळ्यांत चांगला फोटो वाजवायच्या आधीचा असतो, आणि तो हलगीवाल्यांचा. हवेत ओल असली की कातडं ढिलं पडतं. मग ते रस्त्याच्या कडेला कागद, पाचट, जे मिळेल ते पेटवतात आणि हलगी शेकतात. हलगी जाळावर उलटी-सुलटी फिरते, मधूनच बोटाच्या पेरानं एक टिचकी, कान खाली, पुन्हा जाळावर. आवाज डब्बकन येत असतो तो हळूहळू टणक होत जातो. एक क्षण असा येतो की टिचकी मारल्यावर माणूस कान लावत नाही, नुसतं हसतो. तेवढ्यात दाबा. एफ-२, ३०. जाळ खालून असतो, चेहरा खालून उजळतो, मागे पूर्ण अंधार. रात्रभर डायल १६०० वर ठेवल्याचं सार्थक त्या एका फोटोत होतं.

बैठक असेल तर सगळंच वेगळं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे आणि उरुसात तिथं त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. तिथं के-१००० नेऊन मी पहिल्याच वर्षी शरमले. या कॅमेऱ्याचं शटर म्हणजे स्टीलच्या डब्याचं झाकण. आलापात एकदा वाजलं आणि पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मागं वळून जे बघितलं, ते मी अजून विसरले नाही. तेव्हापासून बैठकीत मी तबला सुरू होईपर्यंत कॅमेरा मांडीवर ठेवते आणि समेवर लोक 'वाहवा' म्हणतात त्यातच दाबते. दोन तासांत पाच फोटो. पुष्कळ झाले.

न्हाणीघरातलं काम

रोल कुरिअरनं पुण्या-मुंबईला पाठवता येतो, पण पुश केलेला रोल आहे हे डबीवर मार्करनं मोठ्ठं लिहा, '१६००'. एका लॅबनं माझा रोल ४०० समजून धुतला, तेव्हापासून मी घरीच धुते. फार्मासिस्टला मिलिलिटर आणि थर्मामीटर नवे नाहीत, पण तुम्हालाही जमेल. चहा करण्यापेक्षा अवघड नाही, फक्त चव बघायची नाही.

फिल्म अंधाऱ्या पिशवीत हात घालून फिल्म धुवायच्या टाकीच्या रिळावर चढवायची. आधी जुना, वाया गेलेला रोल उजेडात दहा वेळा चढवून हात बसवा. डेव्हलपर आयडी-११, पावडरचं तयार केलेलं द्रावण, वर आणखी पाणी न मिसळता, एका रोलला ३०० मिली. एचपी-५ ला १६०० साठी २० अंशांना १४ मिनिटं. पहिल्या दहा सेकंदांत टाकी चार वेळा उलटी-सुलटी, मग दर मिनिटाला तसंच.

आता २० अंश सांगलीत कुठून आणायचे? एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंघोळीला गरम लागतं. मी बादलीत पाणी घेऊन त्यात बर्फाची पिशवी सोडते आणि डेव्हलपरची बाटली अर्धा तास उभी करते. फारच उन्हाळा असेल तर २४ अंशांवर समाधान मानते आणि वेळ पावणेदहा मिनिटांपर्यंत खाली आणते. मग साध्या पाण्यानं खळबळून फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं केमिकल, आणि मग धुणं. शेवटचं पाणी बोअरचं नको, वाळल्यावर निगेटिव्हवर पांढरे ठिपके राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, स्वस्त असतं. वापरलेलं फिक्सर मोरीत ओतू नका, त्यात चांदी उतरलेली असते. कॅनमध्ये साठवा.

निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्या कापून, तारीख टाकून, उंच ठिकाणी. उंच हा शब्द मी सहज लिहीत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात मास्तरांच्या घरात पाणी शिरलं. ढोलांची कातडी गेली ती गेलीच, पण भिंतीवरचे फोटोही एकमेकांना चिकटून गोळा झाले. कुणीतरी ते उन्हात वाळवले, तिथंच संपलं. असे फोटो किंवा निगेटिव्ह भिजले तर वाळू देऊ नका, उलट स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवा, पाण्यातच हलक्या हातानं सोडवा, धुवा आणि मग एकेक टांगा. माझ्याकडची त्यांची निगेटिव्ह माळ्यावर होती. त्यावरून मी आठ फोटो पुन्हा करून दिले.

प्रिंट द्यायची

आणि हा भाग विसरलात तर वरचं सगळं न केलेलं बरं. फोटो काढायच्या आधी मास्तरांना विचारायचं, काढल्यावर प्रिंट द्यायची. मोबाइलवर पाठवलेला फोटो त्यांच्या चारशे फोटोंत हरवतो. कागद हरवत नाही.

पहिल्यांदा मी मोठ्या अभिमानानं ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट नेली. मास्तरांनी बराच वेळ बघितली. म्हणाले, "झकास हाय. पण ताई, कलर न्हाई व्हय? ह्याला हार घालून लावतील घरातली." बाकीचे हसले. त्यांचं खरं होतं. लाल ड्रेस, सोनेरी झालर, त्यासाठी त्यांनी पदरचे पैसे घातलेले, आणि मी ते सगळं राखाडी करून आणलं होतं. तेव्हापासून पाच वाजता, वरात निघायच्या आधी, कलर रोलवर त्यांचा सगळ्यांचा मिळून एक फोटो काढते. ऊन तिरपं असतं, साधा २०० चा रोल पुरतो. रात्रीचे काळे-पांढरे माझ्यासाठी, हा त्यांच्यासाठी.

त्या फोटोत ढोल समोर ठेवायला सांगा. कातड्यावर बँडचं नाव, गाव आणि मोबाइल नंबर रंगवलेला असतो. तो वाचता आला पाहिजे. कलात्मक दिसत नाही म्हणून नंबर कापू नका. डॉल्बी आल्यापासून यांच्या सुपाऱ्या कमी झाल्या. पूर्वी वैशाखात एका दिवशी दोन असायच्या, आता आठवड्याला एखादी, असं मास्तर सांगतात. तुमचा फोटो चार लोकांनी बघितला आणि त्यातल्या एकानं नंबर लावला, तर ती एक सुपारी. प्रिंटच्या मागे प्रत्येकाचं नाव लिहा, त्यांनाच विचारून, ते सांगतात तसं. 'ढोलवाला' असं लिहू नका.

आणि घरात कार्य निघालं तर बँड सांगा. घासाघीस करू नका, इसार वेळेवर द्या, जेवणाच्या पंगतीत त्यांना शेवटच्या उरल्या-सुरल्यावर बसवू नका. आमच्याकडे गेल्या वर्षी पुतणीचं लग्न होतं, मी मास्तरांनाच सुपारी दिली. वरातीत मी सवयीनं कॅमेरा गळ्यात घालून पुढे गेले. मास्तरांनी क्लॅरिनेट काखेत धरलं आणि हात पुढे केला. "ताई, आज तुमच्या घरचं हाय. नाचा की. आणा तो डबा हिकडं."

मी नाचले. त्यांनी एकच फोटो काढला. फोकस माझ्या सवयीप्रमाणे तीन मीटरवर होता आणि मी त्यांच्यापासून जेमतेम पाच फुटांवर. त्यामुळे मी म्हणजे नुसता पांढरा धूर, त्यात एक हात वर. माझ्या मागचा ढोलवाला मात्र खणखणीत आलाय, टोपीखालच्या लाल वळासकट, आणि ढोलावरचे दहाच्या दहा आकडे वाचता येतात.